मुलीने अग्नी दिला. आता वडिलांना स्वर्ग मिळेल का?

ताई, राम कृष्ण हरी.

तुमच्या पत्रातलं मला समजलं ते असं. वडील गेले. तुम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. मोठी म्हणून तुम्ही अग्नी दिला, राख तापीत सोडली. वडील माळकरी नव्हते, एकादशी करत नव्हते, बोकडाचं मटण आवडीने खायचे आणि अधूनमधून घ्यायचेही. पाचव्या दिवशी दारावर, म्हणजे सांत्वनाला, आलेल्या एका जाणत्या पाहुण्याने भरल्या ओसरीत सांगितलं की मुलीच्या हातचा अग्नी पोचत नाही, जीव मधेच अडकतो, त्यातून माणसाचा आचार असा, तेव्हा स्वर्गाचं नाव काढू नका. त्र्यंबकला जाऊन नारायण नागबळी करा, तेही त्याच्या ओळखीच्या गुरुजींकडून. त्यासाठी तुम्ही सोनं मोडायच्या विचारात आहात. आणि पत्राच्या शेवटी एकच ओळ: "आमच्या बाबांना स्वर्ग मिळेल का?"

सोनं मोडू नका. बाकीचं सावकाश वाचा.

मी तीसेक वर्षं रावेरपासून शिरपूरपर्यंत कीर्तन-प्रवचन करत हिंडतोय. दशक्रियेची प्रवचनं किती झाली त्याचा हिशोब नाही. दारावर येऊन अर्धा श्लोक फेकणारा माणूस मला प्रत्येक गावात भेटतो. त्याला पुढचा अर्धा कधीच पाठ नसतो.

तुमच्या पाहुण्याने फेकला तो "अपुत्रस्य गतिर्नास्ति". ज्याला मुलगा नाही त्याला गती नाही. याच्या जोडीला मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायातला श्लोक देतात, की 'पुत्' नावाच्या नरकातून तारतो म्हणून तो पुत्र. बरोबर आहे, आहे तसा श्लोक. पण लगेच पुढचा श्लोक काय म्हणतो? मुलाचा मुलगा आणि मुलीचा मुलगा यांत जगात काही फरक नाही, मुलीचा मुलगाही परलोकी नातवासारखाच तारतो. त्याच अध्यायात थोडं आधी "पुत्रेण दुहिता समा" आहे, मुलगी मुलाच्या बरोबरीची. तिथे विषय वारशाचा आहे हे मी लपवत नाही, पण शब्द तेच आहेत. आणि पाचव्या अध्यायात तर सरळ सांगितलंय की कुळाचा वंश न वाढवता हजारो ब्रह्मचारी स्वर्गाला गेले. म्हणजे मुलगा नाही म्हणून दार बंद, हे त्या ग्रंथालाच मान्य नाही.

मनूचं नाव घेतलं म्हणून गैरसमज नको. त्याच ग्रंथात बाईबद्दल आणि शूद्राबद्दल जे लिहिलंय ते माझ्याने व्यासपीठावरून वाचवत नाही. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ती जाळली गेली, त्यामागची आग मला समजते. पण पाहुण्याने मनूच्या नावाने तुम्हाला घाबरवलं, म्हणून मनूच्याच पानावरून उत्तर दिलं.

भीष्मांचं बघा. लग्न नाही, मूल नाही. माघ शुद्ध अष्टमीला आजही लोक त्यांच्या नावाने पाणी सोडतात, आणि त्या तर्पणाच्या मंत्रात त्यांना 'अपुत्र' असंच म्हटलेलं आहे. ज्याला स्वतःचा मुलगा नाही त्याला सगळ्यांनी पाणी द्यायचं, असा तो विधी. अपुत्राला गती नसती तर हा मंत्र कशाला रचला असता?

अधिकाराचा प्रश्न राहिला. महाराष्ट्रातले गुरुजी ज्या धर्मसिंधूवर चालतात तो ग्रंथ १७९० च्या सुमारास पंढरपुरात काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी लिहिला. अंत्यविधी कोणी करायचा याची त्यात रांग लावलेली आहे. त्या रांगेत मुलगी आहे. मुलगा-नातवाच्या मागे उभी आहे, पण आहे. पुढचे नसतील तर ती करते. तुमच्या घरी पुढे कोणी नव्हतं. संपलं. शास्त्राच्या बाजूने तुमच्या हातून एक काडीची चूक झालेली नाही.

खरं तर मला इथे थांबायचं नाही, कारण "चूक नाही" एवढं ऐकून तुमचं मन निवणार नाही. महाभारताच्या उद्योगपर्वात ययातीची गोष्ट आहे. ही गोष्ट आपल्याकडे अर्धीच सांगतात, म्हाताऱ्या राजाने मुलाचं तारुण्य घेतलं एवढीच. पुढची अशी. ययातीला माधवी नावाची मुलगी होती. गालव नावाचा ऋषी गुरुदक्षिणेसाठी एक कान काळा असलेले आठशे पांढरे घोडे शोधत आला. ययातीजवळ घोडे नव्हते, म्हणून त्याने मुलगीच देऊन टाकली. गालवाने तिला एकेका राजाकडे ठेवून घोडे मिळवले, आणि तिला चार मुलगे झाले. शेवटी तिने लग्नच नाकारलं आणि रानात तप करत राहिली. ययाती मेला, स्वर्गात गेला, खूप काळ राहिला, आणि तिथे त्याला गर्व चढला. देवांना आणि ऋषींना तो तुच्छ लेखायला लागला. तेवढ्यावर त्याचं पुण्य संपलं. खाली पडताना त्याने एवढंच मागितलं की मला सज्जनांमध्ये पडू दे. पडला तो नैमिषारण्यात, जिथे त्याच्या मुलीचे चारही मुलगे यज्ञ करत होते. तिथे माधवी आली आणि म्हणाली, ही तुझ्याच मुलीची मुलं आहेत, यांचं पुण्य घे, आणि मी मिळवलेल्या धर्मातला अर्धा घे. ययाती परत वर गेला.

ज्या बापाने मुलीला घोड्यांच्या भावात दिली, त्याला स्वर्गात परत चढवणारी तीच मुलगी. व्यासांनी हे लिहून ठेवलंय, आणि आमच्याकडे ओसरीत बसून लोक विचारतात, मुलीचा अग्नी पोचतो का? तुमच्या बाबांनी तर तुम्हाला शिकवलं, नांदायला चांगल्या घरी दिलं, असं तुम्हीच लिहिलंय.

आणि हे खान्देशात विचारावं? मुक्ताईनगरहून दरवर्षी आदिशक्ती मुक्ताबाईची पालखी महिनाभर चालत पंढरीला जाते. चौदाशे वर्षं जगलेला म्हणतात तो चांगदेव, कोरं पत्र पाठवणारा, वाघावर बसून येणारा, तो शेवटी एका पोरीला गुरू करून बसला. तापी-पूर्णेच्या संगमावर त्याचं देऊळ आहे, तुमच्या तालुक्यापासून लांब नाही. पाहुण्याला एकदा तिकडे घेऊन जा.

आता गरुडपुराण. तुम्ही लिहिलंय की दहा दिवस घरात वाचन चाललं होतं आणि तुमच्या आईने तिसऱ्या दिवशी उठून आत जाऊन दार लावून घेतलं. याचा थोडा दोष माझ्यासारख्यांचाही आहे.

मी पंचविशीत होतो. गिरणाकाठच्या एका गावात वाचायला बसलो होतो. गेलेला पोरगा तिशीतला, दारूने गेलेला. माझा आवाज खडा, वाचायची हौस दांडगी. यममार्ग मी असा रंगवला, तापलेली वाळू, सावली नाही, पाणी नाही, पू-रक्ताची वैतरणी, की बाया पदर तोंडाला लावून बसल्या. तेवढ्यात कोपऱ्यातून त्याची आई म्हणाली, "महाराज, तठे त्याले पानी तरी भेटी का?"

मला उत्तर आलं नाही. मी पोथीत बघून सांगितलं की गोदान केलं तर वैतरणी पार होते. तिच्याकडे गाय नव्हती, एक शेळी होती. तिने ती विकली आणि दक्षिणा आणून दिली. मी ती घेतली. हे सांगायला मला आजही जड जातं, पण त्याशिवाय पुढचं सांगायला माझं तोंड नाही.

त्यानंतर मी ती पोथी मन लावून वाचली. आपल्या गावांत गरुडपुराण म्हणून जे वाचतात ते मूळ मोठं पुराण नव्हे, नवनिधिराम नावाच्या पंडिताने केलेला सोळा अध्यायांचा सारोद्धार आहे. पहिले चार-पाच अध्याय भीतीचे. तेच लोकांच्या लक्षात राहतात, कारण तोवर ओसरी भरलेली असते. सोळाव्या अध्यायापर्यंत माणसं पांगतात, उरलेली गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटायच्या दिवसाच्या, स्वयंपाकाच्या हिशोबाला लागतात. आणि खरी गंमत त्या सोळाव्यात आहे. तिथे स्वतः विष्णू गरुडाला विचारतो: अंगाला माती-राख फासून मुक्ती मिळत असेल, तर रोज राखेत लोळणारं कुत्रं मुक्त होतं का? जन्मापासून मरेपर्यंत गंगेत राहणारे बेडूक आणि मासे योगी होतात का? जटा वाढवून, कातडं पांघरून हिंडणाऱ्या दांभिकांवर तर तिथे कोरडेच ओढलेत. म्हणजे ज्या पोथीच्या जोरावर बाहेरचा आचार बघून माणसाला नरकात टाकतात, तीच पोथी शेवटी म्हणते की बाहेरच्या आचाराने काही ठरत नाही.

आणखी एक गोष्ट त्याच पोथीतली. धर्मराजाच्या नगरीला चार दरवाजे आहेत. पाप्यांसाठी त्यातला एकच, दक्षिणेचा. बाकी तीन दरवाजे बऱ्या माणसांसाठी आहेत. आपण गावोगाव फक्त त्या एका दरवाजाचं वर्णन करत बसतो. मी हल्ली वाचायला बसलो की सुरुवातच चौदाव्या अध्यायातल्या त्या नगरीपासून करतो, मग सोळावा, आणि वेळ उरला तर बाकीचं. काही गुरुजी माझ्यावर नाराज आहेत. असू देत.

मग आचाराला काहीच अर्थ नाही का? आहे. पण कोणता नियम कुठपर्यंत चालतो ते ओळखावं लागतं. कानबाई या आपल्या खान्देशी देवीच्या सणाचे रोट आपण भाऊबंदांपलीकडे कोणाला देत नाही. तो नियम त्या घरापुरता, त्या कुळापुरता. शेजारच्याने रोट केले नाहीत म्हणून तो नरकात जात नाही. माझी माळ, माझी एकादशी, माझं कांदा-लसूण न खाणं, हे मी घेतलेलं व्रत आहे. मी मोडलं तर मला दोष. तुमच्या बाबांनी माळ घातलीच नव्हती, तर त्यांनी काय मोडलं? याच्या वरचे जे नियम सगळ्यांना सारखे लागतात, ते ग्रंथांनी फार थोडक्यात दिलेत: कोणाला पीडा देऊ नका, खरं बोला, चोरी करू नका, स्वच्छ राहा, इंद्रियं ताब्यात ठेवा. वर्ण कोणताही असो, हे पाच सगळ्यांना. वर यमाच्या यादीत जे नक्की सापडतात ते विश्वासघात करणारे, विष घालणारे, आग लावणारे.

मटणाचं विचाराल तर मी माळकरी आहे, मी खाऊ नका असंच सांगणार. पण महाभारतातच मिथिलेचा धर्मव्याध आहे. खाटकाच्या दुकानात बसून मांस विकायचा, आणि तपाची घमेंड असलेल्या कौशिक ब्राह्मणाला धर्म शिकून घ्यायला त्याच्याच दुकानाची पायरी चढावी लागली. तो घरी म्हाताऱ्या आईबापांची सेवा करायचा. त्याचा धर्म तिथे होता.

दारूबद्दल मात्र मी तुम्हाला गोड बोलणार नाही. अधूनमधून घ्यायचे एवढंच तुम्ही लिहिलंय. घेऊन घरी आल्यावर काय करायचे ते लिहिलं नाही. गुपचूप झोपायचे की आईवर हात उचलायचे? ते मला सांगू नका, आईला विचारा. तिच्या मनात काही उरलं असेल तर त्याचा निकाल ती देईल, मी किंवा तो पाहुणा नाही. तिसऱ्या दिवशी ती उठून का गेली, हे पोथीच्या भीतीने की आणखी कशाने, हेही तुम्ही समजून घ्यायला हवं. तिने माफ केलं असेल तर तो विषय मिटला. नसेल केलं तर तिच्याजवळ बसा. नागबळीने तिचं दुखणं जाणार नाही.

तुमच्या पत्रात एक ओळ तुम्ही अशी टाकलीय की जणू बाबांचा अव्यवहारीपणा सांगताय. उन्हाळ्यात वस्तीचा हातपंप आटला की ते आपल्या ट्यूबवेलचा पाइप बांधावर सोडायचे. शेतीची लाइट रात्रीची असली तर रात्री दोनला उठून मोटर चालू करायचे, बाया हंडे घेऊन यायच्या. केळीला पाणी कमी पडतं म्हणून भाऊबंदांशी त्यावरून वाद झाला, तरी बंद केलं नाही. ताई, यावल-रावेर-चोपड्याच्या पट्ट्यात पाणी किती खोल गेलंय ते तुम्हाला माहीत आहे. केळीवाल्याने मे महिन्यात पाणी देणं म्हणजे घडाच्या वजनातून देणं. अनुशासनपर्वात भीष्म युधिष्ठिराला दानं सांगतात तेव्हा पाण्याला फार वरची जागा देतात. तुमच्या पाहुण्याला ही गोष्ट माहीत होती का? तो बहुधा त्याच बांधावर हंडा घेऊन उभ्या राहिलेल्यांपैकी कोणाचा तरी सोयरा असेल.

त्या गिरणाकाठच्या आईला मी उत्तर दिलं नव्हतं. तुमच्या बाबांबद्दल तोच प्रश्न कोणी विचारला, तर मी सांगेन की त्यांनी पाणी आधीच पुढे पाठवून दिलंय.

आता खुद्द स्वर्गाचं. इथे माझ्या पंथाचं मत तुम्हाला कदाचित विचित्र वाटेल. गीतेच्या नवव्या अध्यायात स्पष्ट आहे की स्वर्ग भोगून पुण्य संपलं की परत मर्त्यलोकी यावं लागतं. भाड्याची खोली आहे ती, भाडं संपलं की सामान बाहेर. वनपर्वात मुद्गल नावाचा गरीब ऋषी आहे, शेतात सांडलेले दाणे वेचून जगणारा. त्याला न्यायला देवदूत विमान घेऊन आला. मुद्गलाने आधी विचारलं, तिथले गुण सांग आणि दोषही सांग. दूताने प्रामाणिकपणे सांगितलं की तिथून पडावं लागतं, आणि पडण्याआधी दुसऱ्याचं वैभव बघून जीव जळतो. मुद्गल म्हणाला, मग तुझं विमान तू परत ने. आणि युधिष्ठिर शेवटी तिथे पोचला तेव्हा सिंहासनावर कोण दिसला? दुर्योधन. लढाईत मागे न हटता मेला म्हणून. आपली माणसं तिथे नाहीत म्हटल्यावर तो त्यांच्याकडे नरकात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, मी इथेच राहतो. वारकऱ्याला स्वर्ग मागायची सवय नाही ती यामुळे. आम्ही परत जन्म मागतो, संतांच्या संगतीचा.

त्याच नवव्या अध्यायात पुढे आहे की बाया, वैश्य, शूद्र, कोणीही मला शरण आले तर परम गतीला जातात. हे इतकं स्पष्ट असूनही पंढरीच्या देवळाच्या दारात माणसं शेकडो वर्षं अडवली गेली. अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींना १ मे १९४७ ला त्यासाठी पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं, तेव्हा ते दार उघडलं. दारं अडवणारे आणि ओसरीत श्लोक फेकणारे हे एकाच घरचे.

नारायण नागबळीचं सांगतो, मग आटोपतो. त्यातला नारायणबळी हा अपमृत्यू झाला असेल, अपघात, आत्महत्या, सर्पदंश, त्यासाठी आहे. नागबळी हातून नाग मारला गेला असेल तर. तुमचे बाबा आजारपणात, माणसांत, अंथरुणावर गेले. हे दोन्ही त्यांना लागू नाहीत. आणि खर्चाचं म्हणाल तर विष्णुपुराणात पितरांच्या तोंडी आहे की ज्याच्याकडे काहीच नाही त्याने गाईला चारा घालावा, तेही नसेल तर रानात जाऊन दोन्ही हात वर करावेत आणि म्हणावं, माझ्याजवळ धन नाही, माझ्या भक्तीने तृप्त व्हा. पितर एवढ्यावर समाधानी असतील तर मधल्या माणसाने सोनं का मागावं? तुमच्या तापीचीच गोष्ट घ्या. ती सूर्याची लेक, म्हणजे यमाची बहीण. राख तिच्या हवाली केलीत. आता बहिणीने भावाकडे पाठवलेल्या माणसाला तो काय दारात उभा ठेवणार आहे? (ही माझी कीर्तनातली कोटी आहे, शास्त्र म्हणून घेऊ नका.)

करायचं असेल तर हे करा. येती आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, बाबांच्या नंतरची पहिली. तुम्ही दोघी बहिणी माहेरी जालच. कुंभाराकडून नवी घागर आणा आणि ती तुम्ही भरा, चुलत भावाला बोलावून भरून घेऊ नका. वर लहान मडकं, त्यावर डांगर (खरबूज), सांजोरी, आंबा, नेहमीसारखं. पुरणपोळी-आमरसाचा घास चुलीत टाकताना आगारी आईच्या हातून टाकून घ्या, तिला आत बसू देऊ नका. बाबांना मटण आवडायचं म्हणून त्या दिवशी मात्र ते ठेवू नका. ही माळकऱ्याची विनंती समजा.

आणि त्या दिवशी लाइट कधीची आहे ते आधी विचारून ठेवा. रात्रीची असेल तर रात्री उठा. मोटर दोन तास चालू ठेवून पाइप बांधावर सोडा. पाइप वस्तीपर्यंत पोचत नसेल तर पन्नास फूट आणखी घ्या. नागबळीच्या मानाने फार स्वस्त पडेल.